लग की वेफर: बटरफ्लाय व्हॉल्व्ह मागवताना मी कुठे कुठे आपटलो

डिप्लोमा नाहीतर बीई मेकॅनिकल करून प्लांटच्या मेंटेनन्सला नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. कॉलेजात बटरफ्लाय व्हॉल्व्ह म्हणजे अर्धं पान असतं, मधे एक चकती, ती नव्वद अंशात फिरते, झालं. पुढे प्लांटमध्ये गेलात की पहिल्या महिन्यात कोणीतरी तुमच्यासमोर इंडेंट, म्हणजे खरेदीचा मागणीचा कागद, सरकवतं आणि विचारतं, लग टाकू का वेफर? हे याच व्हॉल्व्हच्या बॉडीचे दोन प्रकार, फरक पुढे येतोच. आणि आपण स्वस्त कुठला ते बघून सही करतो. मी तेच केलं होतं.

लोटे परशुरामच्या एमआयडीसीत ट्रेनी होतो तेव्हाची गोष्ट. कूलिंग टॉवरचे दोन पंप, एक चालू एक स्टँडबाय, दोघांची डिस्चार्ज एकाच हेडरला, म्हणजे मुख्य पाइपला, जोडलेली. पंपानंतर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), मग दीड फुटाचा स्पूल (दोन्ही टोकांना फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची गोल कड, असलेला पाइपचा तुकडा), मग ६ इंची बटरफ्लाय व्हॉल्व्ह आणि मग हेडर. स्टँडबाय पंपाच्या स्पूलला वेल्डवर पिनहोल पडलं, पाण्याची बारीक पिचकारी उडायला लागली. मी म्हटलं सोप्पं आहे, बटरफ्लाय बंद करा, स्पूल काढा, वर्कशॉपला नेऊन वेल्ड मारा, तासाभरात परत लावू. पर्मिटसुद्धा भरून आणलं.

आमचे जुने फिटर, त्यांना अख्खा प्लांट मामा म्हणायचा, ते व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "साहेब, नट खोला म्हणताय, पण हा व्हॉल्व्ह मग कशाला धरून ऱ्हायल?" मी बघतच राहिलो. मग त्यांनी एका स्टडवर, म्हणजे दोन्ही टोकांना नट लागणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर, बोट ठेवून ते इकडच्या फ्लँजपासून तिकडच्या फ्लँजपर्यंत नेलं. स्टड एकच, स्पूलच्या फ्लँजमधून निघून व्हॉल्व्हच्या बाहेरून जाऊन थेट हेडरच्या फ्लँजमध्ये. व्हॉल्व्ह नुसता दोघांच्या मधे चेपलेला, सँडविचमधल्या काकडीसारखा. स्पूलकडचे नट ढिले केले की हेडरकडचा जॉइंटपण ढिला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असून नसल्यासारखा, कारण तो स्वतःच निसटणार.

त्यांनी थांबवलं नसतं तर काय झालं असतं याचा हिशोब मी रात्री रूमवर बसून केला. हेडरला चार किलो प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंमीला चार किलो. ६ इंच म्हणजे ढोबळ १५ सेंमी व्यास, क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस सेंमी, गुणिले चार म्हणजे सातशे किलोच्या वर जोर त्या चकतीवर. साडेतीन बुलेट मोटरसायकली एकावर एक ठेवल्यासारखं, आणि समोर पाना घेऊन मी. शेवटी पिनहोलवर क्लॅम्प मारून शटडाऊनपर्यंत दिवस ढकलले.

तर वेफर म्हणजे हे. बॉडी बारीक, लांब स्टड बाहेरून. लग म्हणजे बॉडीला चारी बाजूने कान असतात, कानाला आटे पाडलेले, आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळे बोल्ट त्या आट्यात बसतात, नट लागतच नाही. त्यामुळे एका बाजूचे बोल्ट काढले तरी दुसऱ्या बाजूचे व्हॉल्व्हला फ्लँजवर धरून ठेवतात. एका बाजूला प्रेशर आणि दुसरी बाजू उघडी, याला आमच्याकडे डेड एंड म्हणतात. निवड करताना पहिला आणि जवळजवळ शेवटचा प्रश्न हाच, की लाईन चालू असताना या व्हॉल्व्हच्या लगतचं काही कधी काढावं लागणार आहे का? पंप, एक्स्चेंजर, फिल्टर, टँकचा नोझल, टँकर अनलोडिंगचं टोक, हेडरवरून पुढच्या विस्तारासाठी काढून ठेवलेली ब्रँच, इथे लग. बाकी लाईनच्या मधे कुठेतरी, जिथे काहीही काढायचं तर अख्खी लाईन बंद करून रिकामी करणारच आहोत, तिथे खुशाल वेफर, उगाच पैसे घालवू नका.

पण एक खाच आहे जी मला बरीच उशिरा कळली. वेफर आणि काढायच्या वस्तूच्या मधे एक वेगळा छोटा स्पूल असेल आणि तो तुम्ही जागेवरच ठेवणार असाल, तर वेफर दोन फ्लँजमध्ये चेपलेलाच राहतो आणि पुढचं सामान काढता येतं. आमच्याकडे नेमका तो स्पूलच फुटला होता म्हणून अडलं, नुसता एनआरव्ही काढायचा असता तर काढता आला असता. म्हणून ड्रॉइंग न बघता "पंपाला लगच पाहिजे" असं पाठ करून बोलणाऱ्यांवर माझा फार विश्वास नाही. आणि पी अँड आयडीवर, म्हणजे प्लांटच्या पाइप-उपकरणांच्या ड्रॉइंगवर, दोघांचं चिन्ह बहुतेक सारखंच काढलेलं असतं, फरक कळतो पाइपिंग स्पेकमध्ये नाहीतर सरळ जागेवर जाऊन बघितल्यावर.

आता लग घेतला म्हणजे सुटलो असं समजू नका, मी तिथेच दोनदा तोंडावर पडलोय.

शटडाऊनला मी ऐटीत लग मागवला. लावायला घेतला, हेल्परने स्टोअरमधून बोल्ट आणले, हाताने फिरवले तर लोण्यासारखे आत गेले, मी खूष. पाना लावून आवळायला घेतलं तर चौथा बोल्ट गर्रकन फिरला आणि हातात आला, आटे गेले. काढून वर्नियर लावला तर बोल्ट पाऊण इंची यूएनसी (इंची मापाचे आटे), आणि व्हॉल्व्हच्या कानात आटे एम २० चे (मेट्रिक, २० मिमीचे). दोघांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, २.५४ आणि २.५ मिमी, म्हणजे जवळपास सारखाच, पण बोल्टची जाडी १९.०५ आणि भोक २० साठीचं, त्यामुळे तो जातो मस्त, पण धरतो अर्धवट. उलटं केलं तर, म्हणजे एम २० चा बोल्ट यूएनसीच्या आट्यात, तो शिरतच नाही, निदान फसवत तरी नाही. तेव्हापासून माझा नियम, लगचा बोल्ट हाताने घालून जरा हलवून बघायचा, डुलला तर थांबायचं.

हे होतं का, तर ६ इंचाला क्लास १५० आणि पीएन १६ या फ्लँजच्या दोन्ही मानकांना भोकं आठच आणि पीसीडी, म्हणजे भोकांच्या गोलाचा व्यास, २४१.३ आणि २४० मिमी, म्हणजे एक मिलिमीटरचा फरक. त्यामुळे चुकीच्या ड्रिलिंगचा व्हॉल्व्ह पण बसून जातो आणि कोणाला शंका येत नाही. ४ इंचाला पीसीडी १९०.५ आणि १८० आहे, तिथे लगेच कळतं. ८ इंचाला तर क्लास १५० ला आठ भोकं आणि पीएन १६ ला बारा. वेफरला हा त्रास कमी, कारण त्याची बॉडी बोल्टच्या गोलाच्या आत बसते आणि एकच व्हॉल्व्ह बऱ्याचदा दोन-तीन प्रकारच्या फ्लँजला चालून जातो. जुन्या प्लांटमध्ये एका लाईनला टेबल ई (अजून एक फ्लँजचं मानक), दुसरीला क्लास १५०, तिसरीला कोणीतरी बाहेरून आणलेलं स्किड (चौकटीवर बसवलेलं तयार युनिट) पीएन १६ चं, अशी खिचडी असते, तिथे स्पेअर म्हणून स्टोअरला वेफर ठेवणं शहाणपणाचं. लग मात्र त्या एकाच फ्लँजशी लग्न लावून येतो.

दुसरी आपटी बोल्टच्या लांबीची. ६ इंची व्हॉल्व्हची जाडी, म्हणजे फेस टू फेस, ५६ मिमी. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकाच भोकात समोरासमोरून येतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २८. फ्लँज २५ मिमीच्या आसपास. मी ६५ चे बोल्ट दिले. फ्लँज वजा करून आत किती गेले? दोन्हीकडून जवळपास ४०. बोल्ट व्हॉल्व्हच्या पोटात एकमेकांवर टेकले, पाना घट्ट झाला, फिटर म्हणाला झालं टाईट, आणि पाणी सोडलं तर फ्लँजमधून धबधबा. बोल्ट घट्ट झाला होता पण फ्लँज आवळलीच गेली नव्हती. ५० चे बोल्ट आणि वॉशर घातले तेव्हा जमलं. शिवाय काही व्हॉल्व्हना वर मानेजवळची भोकं आरपार नसतात, तिथे बोल्ट अजून आधी टेकतो, तेव्हा आधी एक काडी घालून खोली मोजा, खरंच साधी काडी चालते. वेफरला उलटं, तिथे स्टड लांब लागतो. साध्या फ्लँज-टू-फ्लँज जॉइंटला १०० मिमीचा स्टड चालतो तिथे मधे वेफर आला की दीडशे-एकशे साठचा लागतो, आणि व्हॉल्व्ह आला पण स्टड आले नाहीत म्हणून शटडाऊन लांबल्याचं मी डोळ्याने बघितलंय.

अजून एक. लगच्या नावाखाली बाजारात दोन-चार प्रकार मिळतात. काहींना नुसते दोन किंवा चार कान असतात, ते सेंटरिंगसाठी, त्याला सेमी लग म्हणतात. काहींना कान सगळे पण भोकं प्लेन, आटेच नाहीत, लांब स्टडच घालायचा. दिसायला लग, वागायला वेफर. पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरमध्ये, नुसतं "लग टाईप" लिहिलं तर वेंडर यातलं काहीही पाठवेल आणि त्याची चूक नसेल.

आणि लग असला तरी डेड एंडला त्याचं पूर्ण रेटिंग मिळेलच असं नाही. बऱ्याच रबर सीटच्या व्हॉल्व्हना मेकर स्वतःच डेड एंडसाठी कमी प्रेशर देतो, कारण रबर बॉडीला चिकटवलेलं नसेल, नुसतं बसवलेलं असेल, तर पुढची फ्लँज काढल्यावर त्याला आधार राहत नाही. डेटाशीटमध्ये ती ओळ शोधायची, नसेल तर मेलवर लेखी मागायची. लाईन जास्त वेळ उघडी राहणार असेल तर मोकळ्या बाजूला ब्लाइंड (पाइपचं तोंड बंद करणारी फ्लँज) मारा, लिव्हरला लॉक लावा. आणि माणूस आत उतरणार असेल किंवा वेल्डिंग असेल तर बटरफ्लायच्या भरवशावर जाऊ नका, लग असो की अजून काही, तिथे ब्लाइंडच.

सॉल्व्हेंट, तेल असल्या पेटणाऱ्या मालाच्या लाईनवर वेफर मला आवडत नाही. लांब स्टड उघड्यावर असतात, आगीत तापून लांबले की जॉइंट सैल होतो आणि आगीलाच अजून माल मिळतो. पाणी, हवा, ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण), कूलिंग टॉवर इथे वेफरसारखं सुख नाही, ६ इंची एका माणसाने उचलून लावावा, तोच गेट व्हॉल्व्ह असेल तर चेनपुली शोधा.

लावताना दोघांचे लाड सारखेच. रबर सीटचं रबर फेसवर आलेलं असेल तर वेगळं पॅकिंग टाकायचं नाही, रबरच पॅकिंग आहे. मी पहिल्यांदा हट्टाने टाकलं होतं, मामा काही बोलले नाहीत, फक्त गळायला लागल्यावर येऊन उभे राहिले. फ्लँज आधी पुरेशा फाकवायच्या, व्हॉल्व्ह कोंबायचा नाही, नाहीतर रबर दुमडतं. चकती जराशी उघडी पण फेसच्या बाहेर न येईल इतकीच ठेवून आत सरकवायचा, सेंटर करायचा, बोल्ट हाताने लावायचे, मग पूर्ण उघडून बंद करून कुठे घासत नाही ना बघायचं, आणि मगच समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळायचे. एचडीपीई लाईनवर हे विसरलात तर चकती स्टब एंडच्या, म्हणजे पाइपच्या टोकाला जोडलेल्या तुकड्याच्या, जाड कडेला अडकते, आमच्या ईटीपीत एक व्हॉल्व्ह कित्येक महिने पाऊणच उघडत होता आणि सगळे पंपाला शिव्या देत होते. नवीन लाईनवर व्हॉल्व्ह मधे ठेवून फ्लँजला टॅक (थोडा तात्पुरता वेल्ड) मारा, पण पूर्ण वेल्ड करताना तो बाहेर काढा. एका कॉन्ट्रॅक्टरच्या पोराने नाही काढला, जळक्या टायरचा वास अख्ख्या यार्डात, नवीन व्हॉल्व्ह दुसऱ्या दिवशी पासिंग, म्हणजे बंद केला तरी आतून गळतोय.

रबर कुठलं हे वेगळं प्रकरण आहे, तूर्त इतकंच की ईपीडीएम पाण्याला उत्तम पण तेल लागलं की फुगतं, तेलाला नायट्राइल.

इंटरव्ह्यूला जाणार असाल तर हा प्रश्न येतोच, फरक सांगा म्हणतात. आटे आणि नट सांगून पोरं थांबतात. मी आता समोरच्या बाजूला बसतो तेव्हा कागद देतो आणि म्हणतो, हेडर चालू आहे, हा पंप काढायचाय, व्हॉल्व्ह कुठे आणि कुठला टाकशील ते काढून दाखव. ज्याने स्टड कुठून कुठे जातो ते काढलं त्याला पुढचा प्रश्न रेटिंगचा. लाईनवर फिरताना एक वही ठेवा, प्रत्येक बटरफ्लायपुढे लिहा, नट दोन्हीकडे दिसतात का, मधे आटे आहेत का, शेजारी काय आहे. महिनाभरात प्लांटमधल्या अडचणीच्या जागा आपोआप कळतात.

माझा आताचा इंडेंट असा असतो: बटरफ्लाय व्हॉल्व्ह, ६ इंच, फुल लग, सर्व कानांना आटे, ड्रिलिंग क्लास १५०, आटे पाऊण इंच यूएनसी, ए.पी.आय. ६०९ (बटरफ्लाय व्हॉल्व्हचं मानक) प्रमाणे, सीट ईपीडीएम बॉडीला बाँड केलेली, डेड एंड प्रेशर आणि त्याची दिशा मेकरने लेखी द्यावी, आणि खाली दुसऱ्या ओळीत बोल्ट १६ नग, वॉशरसह, लांबी व्हॉल्व्ह आल्यावर भोकाची खोली मोजून. स्टोअरवाला दर वेळी विचारतो, लांबी आत्ताच का नाही टाकत. त्याला मी ते एकमेकांवर टेकून टोकं चेपलेले ६५ चे दोन बोल्ट दाखवतो, माझ्या ड्रॉवरमध्येच आहेत.