सी अर्चिनच्या लार्व्यावर यूव्हीचा परिणाम बडोद्यात बसून कसा तपासायचा

सी अर्चिन म्हणजे समुद्रातला गोल, काटेरी प्राणी; त्याच्या अंड्यात वाढणाऱ्या जिवावर (एम्ब्रियो) आणि पुढे पोहणाऱ्या पिल्लावर (लार्वा) यूव्ही काय करते ते बघायचंय. सगळ्यात आधी यूव्हीच्या दिव्याचं बोलते, कारण असे प्रोजेक्ट तिथेच फसतात. वॉटर प्युरिफायरमधली किंवा लॅबच्या लॅमिनार हूडमधली ट्यूब वापरू नका, ती 254 नॅनोमीटरची यूव्ही-सी असते, आणि सूर्याची यूव्ही-सी ओझोनच्या थरातच अडकते, समुद्रापर्यंत पोचतच नाही, मग त्या ट्यूबखाली एम्ब्रियो मेले तरी समुद्राबद्दल आपल्याला काय कळलं? पार्लरमधला नेल लॅम्पही नको, त्यात यूव्ही-बी नसते. आपल्याला पायजे 280 ते 315 नॅनोमीटरची यूव्ही-बी. तिची वेगळी ट्यूब मिळते, पण तीसुद्धा थोडी यूव्ही-सी सोडते म्हणून खाली सेल्युलोज ॲसिटेटची शीट ताणून लावायची, आणि ही शीट वापरून वापरून बाद होते त्यामुळे अधूनमधून बदलायची.

आता कंट्रोल, इथे कंजूषी अजिबात करू नका. एक गट ॲसिटेटखाली, दुसरा मायलार या पारदर्शक प्लास्टिकच्या शीटखाली म्हणजे यूव्ही-बी अडली पण यूव्ही-ए आणि साधा उजेड मिळाला, तिसरा फॉइलमध्ये गुंडाळून त्याच दिव्याखाली. प्रत्येक गटात किमान 3 डिश. प्लास्टिकचं झाकण काढून टाका, ते यूव्ही-बी बरीच शोषून घेतं. पाणी उथळ ठेवा आणि अंडी तळाला एकाच थरात पसरू द्या, ढीग झाला तर वरची अंडी खालच्यांना सावली करतात.

काही जण दिव्याऐवजी गच्चीवरचं ऊन वापरतात. कल्पना चांगली आहे, बडोदा कर्कवृत्ताच्या जरा खाली, जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, बशीतलं पाणी बघता बघता तापतं आणि एम्ब्रियो गरमीने मरतात, नाव मात्र यूव्हीचं होतं. म्हणून गच्चीचं काम जानेवारीत करा, डिश पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा आणि तापमान तिन्ही गटांत मोजत राहा. डोस काढायला यूव्ही-बी सेन्सरवालं मीटर हवंच. मीटरने चौरस मीटरला 0.5 वॉट दाखवलं आणि 20 मिनिटं ठेवलं तर 0.5 गुणिले 1200 सेकंद, म्हणजे चौरस मीटरला 600 ज्यूल. नुसतं "20 मिनिटं दिव्याखाली" लिहिलं तर दुसऱ्या कुणाला तो प्रयोग परत करताच येणार नाही. गॉगल, ग्लोव्ह्ज आणि पूर्ण बाह्यांचा कोट घाला, डोळ्यांची जळजळ रात्री सुरू होते तोवर उशीर झालेला असतो.

प्राणी आणायचे सौराष्ट्राच्या खडकाळ किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी, जवळचं खंभातचं आखात गाळाचं आहे, तिथे जाऊन उपयोग नाही. जामनगरचं मरीन नॅशनल पार्क 1982 पासून संरक्षित आहे, तिथून काहीही उचलायचं नाही, आणि बाकी ठिकाणीही डिपार्टमेंटचं पत्र आणि परवानगी असल्याशिवाय जाऊ नका. आणताना ओल्या शेवाळात गुंडाळून थर्मोकोलच्या थंड डब्यात, बर्फाचं गोडं पाणी अंगाला लागता कामा नये.

अंडी मिळवायला तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून 0.5 मोलर पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन द्यायचं. मादी असेल तर पिवळसर-नारिंगी अंडी सुटतात, तिला समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बीकरवर उलटं ठेवा. नराचा पांढरा स्राव पाण्याशिवाय गोळा करून बर्फावर ठेवा, आणि वापरताना खूप पातळ करा, जास्त झाला तर एका अंड्यात अनेक शुक्राणू घुसतात आणि वाढ आपोआप बिघडते. मिनिट-दोन मिनिटांत अंड्याभोवती पारदर्शक आवरण उचललेलं दिसतं. दहातल्या नऊ अंड्यांना तरी ते दिसायला हवं, नाहीतर ती बॅच सोडून द्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी बहुतेक प्रोजेक्टमध्ये राहूनच जाते. यूव्ही-बीने डीएनएमधले शेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात, आणि फोटोलायेज नावाचं एन्झाइम निळ्या उजेडाच्या जोरावर ते परत सोडवतं. उजेडाने होणारी ही दुरुस्ती अल्बर्ट केल्नर या शास्त्रज्ञाने 1949 मध्ये बुरशीसारख्या दिसणाऱ्या जिवाणूंत दाखवली, सी अर्चिनच्या अंड्यांतही ती चालते. म्हणजे डोस देऊन झाल्यावर डिश तुम्ही टेबलावर ट्यूबलाइटखाली ठेवली की अंधारात, यावर निकाल बदलतो! त्यामुळे प्रत्येक गटाचे दोन भाग करा, अर्धे पांढऱ्या उजेडात, अर्धे पूर्ण अंधारात, आणि अंधारवाले हाताळताना लाल बल्ब लावा.

मग बघायचं काय? पहिलं विभाजन. साध्या अंड्यांची दोन झाली आणि यूव्हीवाली अजून गोलच आहेत, हा उशीर हेच पहिलं लक्षण, आर्थर गीझ हे जीवशास्त्रज्ञ 1930 च्या दशकापासून ह्याच उशिरावर काम करत होते. दर 10 मिनिटांनी प्रत्येक डिशमधली 100 अंडी मोजा, आणि डिशवरचं लेबल झाकून दुसऱ्याला मोजायला सांगा. पुढे एक-दोन दिवसांत आतडं आत वळायच्या ऐवजी बाहेर आलेलं किंवा पेशींनी गच्च भरलेला गोळा दिसू शकतो. प्लुटियस, म्हणजे लांब हात फुटलेला लार्वा, झालाच तर हात बघा, निरोगी लार्वा टोकदार, आत चुन्याच्या काड्या सरळ काचेसारख्या चमकतात, बिघडलेल्यात हात आखूड, एक बाजू लहान, काड्या वाकड्या किंवा एकमेकींवर चढलेल्या. फोटो काढून हाताची लांबी मोजून ठेवा.

आणि प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवा, मिसळू नका. शेवाळातून मिळणारी मायकोस्पोरिन अमिनो आम्लं आईच्या खाण्यातून अंड्यात येतात आणि यूव्ही शोषून घेतात, थंड समुद्रातल्या हिरव्या सी अर्चिनमध्ये असं दिसलंय की ज्या अंड्यांत ती जास्त त्यांचं विभाजन कमी लांबतं. तुमच्याकडच्या दोन माद्या वेगळ्या खडकांवरून आलेल्या असतील तर त्यांच्या अंड्यांत हाच फरक असू शकतो, सगळी अंडी एकत्र करून सरासरी काढली तर तो दिसायचाच नाही.