झुकझुकगाडीचे जुने फोटो घरच्या ग्रुपवर टाकताय? या चुका टाळा

आमच्या आजोळच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. कुर्डुवाडीचा फलाट, मागे बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या (नॅरोगेज) रेल्वेचा डबा, पुढे वळकटीवर बसलेली आजी, शेजारी फिरकीचा तांब्या आणि फ्रॉकमधली सहा-सात वर्षांची मुलगी. फोटोच्या मागे पेन्सिलीने ‘५२’ लिहिलेलं. मी मोबाइलने त्याचा फोटो काढला, कडेचा भाग कापून चेहरे मोठे केले आणि ‘आजी आणि थोरली मावशी, पंढरपूरला जाताना, १९५२’ असं लिहून मावसभावंडांच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात बदामांचा पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन. “अरे, ती मी नव्हेच. ती तुझी आई. मी मागे उभी आहे, पाचवारीत. तू मला अर्धी कापलीस.”

माणूस चुकला, साल चुकलं, फोटो कापला आणि मूळ फाइल तर ठेवलीच नाही. तेव्हापासून असे फोटो हाताळताना मी जे शिकलो, ते इथे लिहितो. उदाहरणं बहुतेक बार्शी लाइटचीच येतील, कारण माझं आजोळ त्याच लाइनवरचं. विदर्भातल्या शकुंतला गाडीच्या किंवा माथेरानच्या गाडीच्या फोटोंनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

मागचा आकडा म्हणजे साल, असं धरून चालू नका

तो ‘५२’ स्टुडिओचा नोंदणी क्रमांक निघाला. त्याच पुडक्यातल्या दुसऱ्या फोटोमागे ‘५३’ होतं, तिसऱ्यामागे ‘५७’, आणि तिन्हींत आईचा फ्रॉक एकच. फोटोमागे क्रमांक, प्रिंटचा आकार, किती प्रती हव्यात, असलं काहीही लिहिलेलं असतं. म्हणून मागची बाजूही स्कॅन करा आणि दोन्ही फाइली जोडीने ठेवा. स्टुडिओचा शिक्का असेल तर निदान गाव तरी कळतं.

साल काढायचं तर आधी गाडीकडे बघा. डब्यावरची अक्षरं हा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन हा पहिला टप्पा सुरू झाला, पुढे लाइन पंढरपूर, लातूर करत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती घेतली आणि मग ती मध्य रेल्वेत आली. आमच्या फोटोतल्या डब्यावर ‘म. रे.’ स्पष्ट आहे. म्हणजे १९५२ तिथेच बाद. मी तो कोपरा कापला नसता, तर हे मलाही दिसलं असतं.

डब्याच्या दारापाशी तिसऱ्या वर्गाच्या तीन उभ्या रेघा आहेत. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. तेव्हा फोटो १९५४ ते १९७४ च्या मधला. वीस वर्षांचा पट्टा मोठा वाटेल, पण खोट्या नेमक्या सालापेक्षा खरा पट्टा बरा. ‘सु. १९६५’ किंवा ‘१९५४ नंतर, १९७४ पूर्वी’ असं लिहायला लाजू नका.

जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीची रेल्वे) ही अक्षरं असतील तर डबा ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधी रंगवलेला, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे अस्तित्वात आली. पण जपून! डबा त्या आधी रंगवला म्हणजे फोटोही त्या आधीचा, असं होत नाही. जुना रंग नव्या नावाखाली वर्षानुवर्षं धावतो. नवी अक्षरं ‘याच्या नंतर’ हे पक्कं सांगतात, जुनी अक्षरं फक्त इशारा करतात. स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत आहे की मीटरमध्ये, यालाही हेच लागू.

स्टेशनचं आजचं नाव आणि आजची लाइन जुन्या फोटोवर लादू नका

पाटीवर ‘बार्शी रोड’ दिसलं की लोक बिनधास्त ‘बार्शी स्टेशन’ लिहितात. बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडी! बार्शी गावचं स्टेशन ते बार्शी टाउन, दोघांत तीस-पस्तीस किलोमीटरचं अंतर.

तसंच एका नातेवाइकांनी नॅरोगेजच्या फोटोखाली ‘उस्मानाबाद स्टेशन’ लिहिलं होतं. जुनी नॅरोगेज उस्मानाबाद शहरात, म्हणजे आताच्या धाराशिवात, जातच नव्हती. त्या भागातलं स्टेशन येडशी. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून शहर जोडलं आणि २००७-०८ मध्ये तिथून गाड्या सुरू झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यांचं घर उस्मानाबादला होतं आणि गाडी पकडायला ते येडशीला जात. आठवण खरी होती, पाटी चुकली होती.

मिरजेचे फोटो असतील तर रूळ मोजा. एके काळी तिथे तिन्ही गेज नांदत होते. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला तो १९७१ च्या सुमारास. हुबळीकडची मीटरगेज त्यानंतरही बरीच वर्षं होती आणि पंढरपूरकडची नॅरोगेज तर थेट एकविसाव्या शतकापर्यंत. तिन्ही रूळ एका फोटोत दिसले तर साल १९७१ च्या सुमाराचं किंवा नंतरचं. रुंदी डोळ्यांनी ताडायची तर नॅरोगेज अडीच फूट, मीटरगेज सव्वातीन आणि ब्रॉडगेज साडेपाच फूट. माथेरानची गाडी याहून बारीक, दोनच फुटांची. रुळांत कुणी उभं असेल तर पायांच्या मधल्या जागेवरूनही अंदाज येतो.

‘कोणतं साल होतं?’ हा प्रश्न विचारू नका

ऐंशीच्या घरातल्या माणसाला साल विचारलं की तो एक तर गप्प बसतो, नाहीतर तुमचं समाधान व्हावं म्हणून काहीतरी ठोकून देतो. आणि ते एकदा ग्रुपवर पडलं की दगडावरची रेघ.

त्याऐवजी आधीचं-नंतरचं विचारा. पानशेत फुटलं त्याच्या आधी की नंतर? (१२ जुलै १९६१) कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात? (११ डिसेंबर १९६७) बहात्तरचा दुष्काळ? चौऱ्याहत्तरचा रेल्वेचा संप? मावशीला मी साल विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला काय आठवतंय?” भूकंपाचं विचारलं तर लगेच: “भूकंपाला मी साताऱ्याला सासरी होते, मांडणीवरची भांडी खाली आली. आणि या फोटोत माझं लग्न कुठं झालंय?” लग्न १९६६ चं. आईचा जन्म १९५८ चा. फोटो १९६४ किंवा ६५ चा ठरला, आणि त्यासाठी मावशीला एकही साल आठवावं लागलं नाही.

वारीचे फोटो असतील तर पंचांग मदतीला येतं. आषाढी एकादशी दर वर्षी सरकते. ‘एकादशीच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुरू झाली’ किंवा ‘त्या वर्षी अधिक महिना होता’ एवढ्या धाग्यावरूनही दोन-तीन सालांपर्यंत येता येतं.

गाडीत चढता-उतरतानाचा तोच किस्सा गोळा करत बसू नका

‘गाडी इतकी हळू, की उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा चढायचं.’ हा किस्सा मी बार्शी लाइटबद्दल ऐकला, शकुंतलेबद्दल ऐकला, पाचोरा-जामनेरबद्दलही ऐकला. खोटा असेल असं नाही. पण तो सगळ्यांचा आहे आणि तो सांगून झाला की माणसाला वाटतं, आपली आठवण सांगून झाली.

पुढचं बोलतं करायला वस्तूंकडे बोट दाखवा. मी फोटोतल्या तांब्यावर बोट ठेवलं आणि मावशी वीस मिनिटं बोलली. फिरकी घट्ट बसायची म्हणून ती आजोबांनीच उघडायची. दशम्या आणि शेंगाची चटणी कुठल्या फडक्यात बांधलेली असायची. खिडकीशी बसायला भांडण, आणि बसलं की डोळ्यांत कोळशाचा कण, मग आजी पदराचं टोक फुंकरीने गरम करून डोळ्याला लावायची. हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा, नंतर लिहून काढू म्हटलं की राहतं. बोलताना मध्येच दुरुस्त्या करू नका. चुकलेलं साल नंतर दुरुस्त करता येतं, तुटलेला सूर पुन्हा लागत नाही.

स्कॅन करताना कंजूषपणा नको

अॅगफा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांत एका रोलवर चौकोनी बारा फोटो यायचे आणि बऱ्याच घरांत प्रिंटही निगेटिव्हएवढीच, सव्वादोन इंचांची. अशी छोटी प्रिंट १२०० डीपीआयला स्कॅन करा, पोस्टकार्डाएवढीला ६०० पुरेत. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी सावलीत, फ्लॅश बंद, मोबाइल प्रिंटला अगदी समांतर धरून फोटो काढा. चारही कडा येऊ द्या, नागमोडी कडसुद्धा.

ग्रुपवर पाठवायची ती प्रत वेगळी, मूळ फाइल वेगळी. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि पुढे ढकलत गेलात की डब्यावरची अक्षरं विरघळतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर जशीच्या तशी जाते. फाइलच्या नावात साल, ठिकाण, माणसं टाका.

निगेटिव्ह उलटी तर नाही ना?

पाटी फोटोत असेल तर अक्षरं उलटी दिसतात आणि चूक लगेच कळते. नसेल तर पदर बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या नेसण्यात पदर डाव्या खांद्यावर. फलाटावरच्या सगळ्याच बायकांचा पदर उजव्या खांद्यावर आणि सगळ्या पुरुषांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे दिसला, तर निगेटिव्ह उलटी ठेवली गेली आहे. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद असते. चकचकीत बाजू आपल्याकडे असली की चित्र सुलट.

अॅपने ‘सुधारलेला’ फोटो मूळ म्हणून फिरवू नका

माझ्या मावसभावाने आमचा फोटो अशा एका अॅपमधून काढला. आजीचा चेहरा झकास तुकतुकीत झाला, फक्त ती आजी राहिली नाही. मागच्या पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी, पण कुठल्याही भाषेत नसलेली अक्षरं उगवली. इंजिनाचा अस्पष्ट क्रमांक स्पष्ट झाला, आणि तो अॅपने मनाने लिहिलेला. रंगाचंही तेच. काळ्या-पांढऱ्या फोटोत डब्याचा रंग नसतोच, अॅप तो अंदाजाने भरतं. हौस म्हणून करा, पण खाली ‘अॅपने रंगवलेला’ असं लिहा आणि सोबत मूळ फोटो जोडा.

आणि प्रिंटचे हाल

थोडक्यात सांगतो. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. लॅमिनेशन मुळीच नको. मागे बॉलपेनने लिहिलं की पुढे वण उठतो. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला सुटत नसेल तर दात साफ करायचा सपाट दोरा खालून हळूहळू सरकवा, तरीही अडला तर पानासकट स्कॅन.

ग्रुपबाहेर टाकायचा असेल तर फोटोत असलेल्या हयात माणसांना विचारा. आमच्या आईने ‘खुशाल टाक’ म्हटलं, मावशीने अट घातली: न कापलेलाच टाकायचा. मूळ प्रिंट कुणाच्या कपाटात आहे, हेही ओळीत लिहा. आमच्या नव्या ओळी अशा आहेत: ‘कुर्डुवाडी, नॅरोगेज फलाट, १९६४ किंवा ६५. वळकटीवर आजी, फ्रॉकमध्ये धाकटी लेक, मागे पाचवारीत थोरली. फोटो बहुधा आजोबांनी काढलेला. मूळ प्रिंट थोरल्या मावशीकडे. उजवीकडे हिरवा कंदील घेतलेला रेल्वेचा माणूस कोण, ते कुणाला माहीत असल्यास कळवा.’

कंदील हिरवा, हे मावशीचं म्हणणं. फोटोत तो राखाडीच आहे.