टायरचे सेन्सर पेअर होत नाहीयेत? आधी हे बघा
कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून टायरमधली हवा मोजणारे सेन्सर स्वस्तात आणले आणि गाडी ओळखतच नाहीये, तर पहिले फ्रिक्वेन्सी बघा, आपल्याकडे बहुतेक ४३३ मेगाहर्ट्झ लागतं, ३१५ वाला अमेरिकन माल असेल तर कितीही डोकं आपटा, जुळणार नाही. काही गाड्यांत तर सेन्सर नसतातच, एबीएसवरून (ब्रेकची सिस्टीम) चाकाचा वेग बघून हवा कमी झालेली कळते, मग पेअर काय करणार! बाकी ठीक असेल तर रीलर्न मोड (ज्यात गाडी नवे सेन्सर ओळखून घेते) लावा, मॅन्युअलमधल्या क्रमानेच एकेका चाकाजवळ सेन्सर जागं करणारं टूल धरा. टायरवाल्याकडे गाड्यांच्या गर्दीत नका करू, शेजारच्याचा सेन्सर पकडला जातो. काही गाड्यांना सेन्सर जुळायला नंतर सलग चालवावं लागतं, ते सायनच्या ट्रॅफिकमध्ये कसलं होतंय, रात्री ईस्टर्न फ्रीवेवर काढा गाडी.