आरएनए, बर्फ आणि नागपूरचा मे महिना

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला आले तेव्हा मला वाटायचं, मेंदूचा आनुवंशिक आजार म्हणजे एखादा जीन बिघडला, एवढंच. पण यकृताच्या पेशीत जो डीएनए, तोच चेतापेशीतही असतो. कुठला जीन कधी चालू होतो, किती वाचला जातो, त्यावर सगळं ठरतं. हे मला रेट सिंड्रोम या मेंदूच्या आनुवंशिक आजाराबद्दल वाचताना उमगलं.

बाळ सहा ते अठरा महिन्यांपर्यंत छान वाढतं, मग शिकलेले शब्द विसरतं, हातांचा वापर सुटतो, हात सारखे एकमेकांवर चोळत राहतं. बहुतेक मुलीच. 1999 साली हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने याचं मूळ एमईसीपी२ या जीनमध्ये शोधलं. त्याचं प्रथिन डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या बारीक रासायनिक खुणांना चिकटून इतर जीन्सचं वाचन आवरतं. ते कमी पडलं तर रेट. जीनची प्रत दुप्पट झाली तरीही गंभीर आजार. 2007 मध्ये एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांमध्ये हा बंद जीन पुन्हा चालू केला आणि लक्षणं बरीचशी मागे गेली. म्हणजे चेतापेशी मेल्या नव्हत्या! त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता हाताच्या कामाचं. जीन वाचला जातो तेव्हा त्याची आरएनए ही प्रत बनते; म्हणून कुठला जीन किती वाचला जातोय हे आरएनए मोजून कळतं, आणि आरएनए फार नाजूक. पहिल्याच मे महिन्यात मी न्यूरोब्लास्टोमा (चेतापेशींसारख्या कर्करोगाच्या) पेशींतून आरएनए काढत होते. बाहेर पारा 45 वर, त्यात लाइट गेली, एसी बंद. डब्यातला बर्फ वितळून पाणी झालं होतं, तरी मी काम रेटलं. आरएनए आकारानुसार वेगळं करणाऱ्या जेलवर 28एस आणि 18एस अशा अखंड आरएनएच्या दोन ठसठशीत पट्ट्या दिसायला हव्या होत्या. दिसला तो तुटलेल्या आरएनएचा, खालपर्यंत ओघळलेला धूसर डाग. तीन आठवड्यांच्या पेशी गेल्या. तेव्हापासून उन्हाळ्यात आरएनएचं काम सकाळी आठच्या आत सुरू करते, बर्फाचा दुसरा डबा जवळ ठेवते, फ्रीझरच्या दाराला किंवा मोबाइलला हात लागला की ग्लोव्हज बदलते. नमुना लहान लहान भागांत विभागून उणे 80 ला ठेवा; एकच ट्यूब वारंवार वितळवू नका.

परीक्षांबद्दल थोडक्यात: एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम आणि गॅट-बी, पुढे संशोधनासाठी सीएसआयआर-नेट. मेंदूवरच काम करायचं असेल तर बेंगळुरूचं निम्हान्स, एनसीबीएस आणि मानेसरचं एनबीआरसी या संशोधन संस्थांच्या जागांवर नजर ठेवा.

पण त्याआधी आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, हे मी कळकळीने सांगते. जीटेक्स नावाचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे, त्यात मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतलं जीनचं वाचन पाहता येतं. धरमपेठेतल्या माझ्या खोलीत जुन्या लॅपटॉपवर मी एमईसीपी२ टाइप केलं, आणि अनुमस्तिष्क, हिप्पोकॅम्पस, बाह्यक यांचे आलेख एकाखाली एक उघडत गेले. आज रात्री तुम्हीही एक जीन निवडा आणि उघडून बघा.