परफ्यूम घ्यायचा तर चौथ्या तासाला विचारून घ्या

मनगटावर फवारा मारायचा, हात नाकाशी न्यायचा, ‘वा!’ म्हणायचं आणि लगेच बाटली बांधून घ्यायची. परफ्यूम असा घेऊ नये. ज्या वासाला तुम्ही ‘वा’ म्हणालात तो अर्ध्या तासात उडून जाणार असतो, आणि उरलेला दिवस ज्याच्या संगतीत काढायचा त्याची अजून ओळखही झालेली नसते. गेली कित्येक वर्षं मी स्वतःसाठी आणि मैत्रिणींसाठी परफ्यूम निवडते आहे. आता माझी पद्धत ठरून गेली आहे, ती सांगते.

आधी गाळणी लावा

जायच्या दिवशी अंगाला दुसरा कुठलाही वास नको, आणि सर्दी असेल तर जाऊच नका. दुकानात आधी कागदी पट्टीवर वास घ्या. पट्टीवर नाव लिहा, स्पिरिटचा भपका ओसरू द्या आणि मगच पट्टी नाकाजवळ न्या. चार-पाच वासांनंतर थांबा. मध्येच कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक ‘साफ’ होतं म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. कॉफी हा आणखी एक जोरकस वास, त्याने थकलेल्या नाकाला आराम कसा मिळेल? बाहेर मोकळ्या हवेत जा, नाहीतर स्वतःच्या बाहीचा वास घ्या. आणि पट्टीवरून फक्त नापसंत ठरवायचं. पसंती अंगावर ठरते.

अंगावरची परीक्षा

सगळं अडतं ते इथे. मीही याच पायरीवर वारंवार चुकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परफ्यूममधले घटक एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक सुगंधी फळ) यांचे रेणू हलके. पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात त्यांचा भर ओसरतो. मग गुलाब, मोगरा, मसाले वर येतात आणि काही तास राहतात. तळाशी असतात चंदन, वाळा, कस्तुरी, व्हॅनिला, राळ. हे जड आणि सावकाश उडणारे असतात. तेच संध्याकाळपर्यंत तुमच्या सोबत असतात. दुकानात आपण पाच मिनिटं उभे असतो, म्हणजे भेटतो फक्त पहिल्या मंडळींना.

मी एकदा अशीच फसले. बर्गमॉटचा इतका स्वच्छ, उन्हात वाळलेल्या कपड्यांसारखा वास होता की मी मोठी बाटली घेऊन घरी आले. दुपारी बंद खोलीत बसले असताना मनगटावरून दाट, गोड, घशाशी येणारा व्हॅनिला वर आला. हात साबणाने धुतला तरी तो जाईना. दुसऱ्या दिवशी वाटलं, हवेमुळे झालं असेल; तिसऱ्या दिवशीही तेच. ती बाटली मी कधीच संपवू शकले नाही.

तेव्हापासून नियम असा. एका वेळी दोनच वास, एकेका मनगटावर एकेक. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत. घासल्याने दोन वास एकमेकांत मिसळतात आणि उष्णतेने वरचे हलके घटक लवकर उडतात. मग दुकानातून सरळ बाहेर पडायचं. विक्रेता कितीही आग्रह करो, त्या दिवशी काहीही घ्यायचं नाही. पंधरा मिनिटांनी, तासाने, चार तासांनी आणि झोपताना हात हुंगायचा आणि काय आठवलं ते दोन शब्दांत लिहायचं. ‘ओली माती’, ‘जुनं कपाट’, ‘डोकं जड’ असं चालेल. घटकांची नावं ओळखायची धडपड नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहीचा वास पाहा. कापडावर तळाचा वास जास्त वेळ टिकतो आणि तो सगळ्यात स्पष्ट सांगतो. हेच आणखी एका दिवशी करा, शक्य असेल तर वेगळ्या हवेत. उकाड्यात वास भराभर फुलतो, थंडीत दबून राहतो.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. चौथ्या तासाला वास आला नाही म्हणजे तो उडाला असं नाही. तोच वास सतत नाकाशी असला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. शिवाय काही कस्तुरीसारखे कृत्रिम घटक काही जणांना मुळीच जाणवत नाहीत. तोच वास शेजारच्याला स्पष्ट येतो. ‘माझ्या अंगावर टिकतच नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. मग माणूस सहा-सात फवारे मारतो आणि लिफ्टमधल्या सगळ्यांचा श्वास कोंडतो. म्हणून हातभर अंतरावरच्या माणसाला विचारा: वास येतो का, आणि कसा वाटतो?

बाटली घेताना

साधारणपणे ईडीटीमध्ये (‘ओ द तुआलेत’, सौम्य प्रकार) सुगंधी द्रव्य ५ ते १५ टक्के असतं, ईडीपीमध्ये (‘ओ द पार्फम’, त्याहून तीव्र) १५ ते २०, आणि नुसतं ‘परफ्यूम’ लिहिलेल्यात त्याहून जास्त. पण एकाच नावाच्या ईडीटी आणि ईडीपीची मांडणीही बरेचदा वेगळी असते, तेव्हा जे अंगावर तपासलं तेच घ्या. ‘नैसर्गिक म्हणजे उत्तम’ हा आग्रहही सोडा. १८८२ साली ‘फुजेर रोयाल’ या फ्रेंच परफ्यूममध्ये कृत्रिम कुमारिन (वाळल्या गवतासारख्या गोड वासाचं द्रव्य) वापरलं गेलं आणि परफ्यूमचं एक अख्खं घराणं त्यातून उभं राहिलं. लहान बाटली घ्या. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं. रोज तीन फवारे मारले तरी ३० मिली तीन महिन्यांहून जास्त पुरते.

लावताना, ठेवताना

कोरड्या त्वचेवर वास लवकर उडतो, म्हणून आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. वीतभर अंतरावरून दोन-तीन फवारे, छातीवर आणि मानेच्या मागे. रेशमावर मारू नका, डाग पडतो. मोत्यांचे दागिने परफ्यूम वाळल्यावर घाला. घरी लिंबूवर्गीय तेलं मिसळून काही बनवत असाल तर ते उघड्या त्वचेला लावून उन्हात जाऊ नका. बर्गमॉटच्या कच्च्या तेलातल्या बर्गाप्टेन नावाच्या घटकामुळे उन्हात त्वचा भाजते आणि काळे डाग राहतात. दमेकरी किंवा अर्धशिशीचा त्रास असलेलं कुणी सोबत बसणार असेल, तर त्या दिवशी काहीच लावू नका.

आणि परफ्यूम फक्त बाहेर जाताना लावायचा, हे डोक्यातून काढा. रात्री झोपण्याआधी मनगटावर एक फवारा मारून पाहा. दिवसा गडबडीत जे मधले टप्पे निसटतात ते अंधारात शांतपणे कळतात. मला गुलाब खऱ्या अर्थाने असाच कळला.

बाटली खोक्यात, अंधारात, गार जागी ठेवा, न्हाणीघरात नको. बरेच दिवस न वापरलेली बाटली उघडलीत तर पहिला फवारा हवेत सोडून द्या. तो नळीत अडकून राहिलेला असतो आणि कधी कधी बिघडलेला. बाटली चांगली आहे की गेली, हे दुसऱ्या फवाऱ्यावरून ठरवा.