विहिरी मोजून रब्बी ठरवा

हिवरे बाजारमध्ये पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीला काय पेरायचं ते त्यावर ठरतं. हा ताळेबंद नुसत्या पावसाच्या आकड्यावर मांडू नका. एका दुपारी कोसळलेला पाऊस ओढ्यानं निघून जातो. जमिनीत किती मुरलं ते विहिरीच सांगतात.

माथ्यावरच्या, मधल्या आणि ओढ्याकाठच्या मिळून दहा-बारा विहिरी निवडा. कठड्यावर ऑइल पेंटनं खूण करा आणि दरवेळी तिथूनच टेप सोडा. मोजायचं मेअखेरीला आणि ऑक्टोबरच्या मध्याला, सकाळी मोटारी सुरू व्हायच्या आत. शेतीला रात्रीची लाइट असेल तो आठवडा टाळा. रात्रभर उपसलेली विहीर भरून आलेली नसते, पातळी आहे त्यापेक्षा खोल दिसते.

आता हिशेब. गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर, पातळी सरासरी ४ मीटर वर आली आणि बेसॉल्टची (आपल्याकडचा काळा खडक) साठवण, म्हणजे खडकाच्या घनफळातून विहिरीत उतरू शकणारं पाणी, २ टक्के धरली, तर पाणी ६४० टीसीएम (१ टीसीएम म्हणजे १० लाख लिटर). त्यातला एक तृतीयांश ओढ्यात झिरपून जाईल असं धरा. उरले सुमारे ४२५.

१,५०० माणसांना रोज ५५ लिटरप्रमाणे ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत साडेबावीस टीसीएम लागतात. म्हणजे साडेपाच हेक्टर गहू पितो तेवढंच! तरीही उन्हाळ्यात टँकर येतो, कारण हे पाणी आधी बाजूला काढलेलं नसतं. गुरांचं धरून ३१ टीसीएम राखा, मगच पिकांकडे वळा. गव्हाला हेक्टरी ४ टीसीएम, हरभऱ्याला अडीच. पाटानं भिजवणार असाल तर दीडपट धरा.

ऑक्टोबरच्या ठरावात एक अट आत्ताच लिहून ठेवा: वाढलेल्या पातळीपैकी निम्मी जानेवारीअखेर उतरली, तर उन्हाळी पीक कोणीही घ्यायचं नाही. उन्हाळी कांदा, भुईमूग रानात उभा राहिल्यावर असा ठराव कोणी मान्य करत नाही, आणि त्यात शेतकऱ्याचा दोषही नाही.

मेमध्ये पुन्हा मोजा. उपसा अंदाजाइतकाच असूनही विहिरी आधीच तळाला गेल्या असतील, तर साठवणीचे धरलेले २ टक्के जास्त होते. पुढच्या वर्षी दीड धरा.