दापोडी-बोपोडीच्या पुलावरून दोन शहरांची हद्द कशी शोधावी

पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यातली हद्द नकाशावर लगेच सापडते, कारण दापोडी आणि बोपोडी यांच्यामधून मुळा वाहते आणि तिच्यावर हॅरिस पूल आहे. लोकांच्या बोलण्यातली हद्द मात्र पुलाशी जुळेलच असे नाही. ती शोधायची असेल, तर मेट्रोने न जाता कासारवाडीहून बोपोडीपर्यंत पायी जावे, आणि शक्यतो गुरुवारी जावे. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुटी त्या दिवशी असते, तर नदीपलीकडे तो नेहमीचा कामाचा वार असतो.

वहीत दोन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात दुकानांच्या पाट्यांवरचा पत्ता उतरवून घ्यावा आणि दुसऱ्यात माणसे काय बोलतात ते टिपावे. दापोडीत पाटीच्या शेवटी ‘पुणे ४११०१२’ असे लिहिलेले असते, पण त्याच दुकानातला माणूस सहज बोलताना ‘जरा पुण्याला जाऊन येतो’ म्हणतो. पत्त्यात पुणे आहेच, तरीही तिथे ‘जाऊन’ यावे लागते. पुण्याच्याच हद्दीतल्या औंधला असेच कोणी ‘गावात’ जातो म्हणाला, तर तो जुन्या पुण्यातल्या पेठांकडे निघालेला असतो. माझ्या मते खरी हद्द या विभक्तिप्रत्ययांत आहे. ‘पुण्याला’ कुठे संपते आणि ‘गावात’ कुठे सुरू होते, त्या जागेवर खूण करावी.

सरकारी खुणा थोडक्यात नोंदवल्या तरी चालतील. वाहनांच्या पाट्या एमएच १२ आणि एमएच १४ अशा वेगळ्या आहेत, २०१८ पासून पोलीस आयुक्तालयेही दोन आहेत, बससेवा मात्र २००७ पासून एकच आहे. बोपोडीला लागूनच खडकी कॅन्टोन्मेंट आहे, त्यामुळे इथे कारभार दोन नव्हे, तीन आहेत हे विसरू नये.

पिंपरी-चिंचवडला सरसकट ‘नवे शहर’ म्हणण्याची पुणेरी सवयही बाजूला ठेवावी. महानगरपालिका १९८२ ची आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ चा असला, तरी मोरया गोसावींचे चिंचवड या सगळ्याच्या कितीतरी आधीचे आहे.

आषाढी वारीच्या दिवसांत पुन्हा एक फेरी करावी. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून दापोडीवरून पुण्यात येते आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात विसावते. पुलाच्या कठड्याशी थांबून एखाद्या वारकऱ्याला ‘माउली, पुणे कुठे लागले?’ असे विचारावे, आणि त्याच्या उत्तरासाठी वहीत तिसरा रकाना आखावा.